दूध बाधतं म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या दिवाळीच्या आधी मावशीने माझ्यापुढे रक्ततपासणीचा एक जाडजूड रिपोर्ट ठेवला. आत रंगीत तक्ता होता. हिरव्या रकान्यातलं खुशाल खा, पिवळ्यातलं जपून खा, लाल रकान्यातलं बंद. लाल रकान्यात गहू होता, दूध-दही होतं, तूरडाळ, हरभरा आणि शेंगदाणे होते. हिरव्या रकान्यात शिंपले, टर्की आणि ॲव्होकाडो. मावशी शाकाहारी, राहते साताऱ्याजवळच्या गावात. तिने विचारलं, “आता मी खाऊ तरी काय गं?”

तिचं पोट अकरा वर्षांपासून बिघडलेलं आहे. एका लग्नाहून आली आणि जुलाबांनी आठ दिवस अंथरुणाला खिळली. जुलाब थांबले, पण पोट पूर्वीचं राहिलं नाही. सकाळचा चहा झाला की दोन-तीनदा जावं लागतं. जेवल्यावर पोट तट्ट फुगतं, खाली डाव्या बाजूला कळ येते, जाऊन आलं की कळ ओसरते. कधी मध्येच चार दिवस पोट साफ होत नाही. एसटीने कुठे जायचं तर ती आदल्या रात्रीपासून जेवत नाही. दुर्बिणीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी कागदावर ‘आयबीएस’ लिहिलं आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. मावशीला मात्र पहिल्यापासून खात्री होती की हे खाण्यातूनच होतंय. ‘ॲलर्जी’ हा शब्द तिला त्या रिपोर्टाने दिला. त्याआधी ती एवढंच म्हणायची, “मला बाधतं.”

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते त्या जुन्या शब्दाभोवतीच आहे. दूध सोसत नाही, वाल बाधतात, हरभऱ्याच्या डाळीने गुबारा धरतो, पावटा वातूळ असतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. खाल्लं आणि त्रास झाला एवढंच ‘बाधणं’ सांगतं, कशामुळे झाला याचा दावा करत नाही. ‘ॲलर्जी’ हा शब्द दावा करतो. शरीराच्या संरक्षणयंत्रणेने त्या पदार्थाला शत्रू ठरवलं आहे, असा त्याचा अर्थ आहे. आयबीएसच्या रुग्णांत हा दावा खरा आहे का, या प्रश्नावर वैद्यकशास्त्राने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत दोनदा तरी आपलं मत बदललं आहे.

आधी आयबीएसविषयी. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणजे चिडखोर झालेलं आतडं. यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते, सूजही साध्या तपासणीत दिसत नाही. निदान लक्षणांवरून होतं. त्यासाठी जगभर ‘रोम निकष’ वापरतात, त्यांची चौथी आवृत्ती २०१६ साली आली. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटात दुखायला हवं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेशी, मलाच्या स्वरूपाशी, यांतल्या निदान दोहोंशी संबंध हवा. त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी किंवा त्याआधी झालेली असावी. निकष कडक लावले तर शंभरात चारेक माणसं यात येतात, जुने सैल निकष लावले तर नऊ-दहा. बायकांचं प्रमाण जास्त. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून हा ‘मनाचा आजार’ ठरवला जातो, ते मला अन्यायाचं वाटतं. ताणाने आतडं बिघडतं हे खरं, पण कळ खरी असते.

आता ॲलर्जी. हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. पण तिचं वर्म हाताला लागलं ते १९२१ साली, ब्रेस्लाउ शहरात. हे शहर तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ म्हणून आहे. तिथल्या हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेला मासा खाल्ला की अंगावर गांधी उठायच्या. कार्ल प्राउस्निट्झ यांना माशाचा काही त्रास नव्हता. प्राउस्निट्झनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मिनिटांत तिथे लाल, खाजणारी गांधी उठली. शेजारच्या कातडीला काहीच झालं नाही. म्हणजे माशाचा राग क्युस्टनरच्या रक्तात कशाच्या तरी रूपात होता, आणि तो एका माणसातून दुसऱ्यात नेता येत होता.

हे ‘काहीतरी’ सापडायला आणखी ४५ वर्षं लागली. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वीडनमध्ये उप्सालाला गुन्नार योहान्सन व हान्स बेनिक यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. १९६८ साली त्याचं नाव ठरलं, इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई. हे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या पाठीवर चिकटून बसतात. या पेशी कातडीत, श्वासनलिकेत, आतड्याच्या अस्तरात ठाण मांडून असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामीनच्या पिशव्या ठासून भरलेल्या असतात. ओळखीचं प्रथिन आलं आणि आयजीईला भिडलं की पिशव्या फुटतात. मग गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. हे सगळं बहुधा काही मिनिटांत किंवा फार तर दोनेक तासांत होतं. कोकणात कोळंबी खाऊन ज्याचे डोळे-ओठ सुजतात, त्याला होते ती ही ॲलर्जी. तिच्याशी खेळ करायचा नसतो. घसा आवळला, श्वास अडला तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि तेही ताबडतोब.

साहजिकच डॉक्टरांनी आयबीएसच्या रुग्णांतही आयजीई शोधलं. रक्त तपासलं, कातडीवर अर्क टोचून पाहिले. बहुतेकांत काही निघालं नाही. निघालं तेव्हा ते त्या रुग्णाच्या तक्रारीशी जुळेना. गव्हाने त्रास होतो म्हणणाऱ्याच्या रक्तात गव्हाविरुद्ध काहीच नसायचं. त्यामुळे बराच काळ पाठ्यपुस्तकी उत्तर असं होतं की आयबीएसचा आणि अन्नाच्या ॲलर्जीचा संबंध नाही. रुग्ण मात्र सांगतच राहिले की खाल्ल्यावर होतं. त्यांच्यातल्या बहुसंख्यांना कुठला ना कुठला पदार्थ त्रास देतो असं वाटतं, हे प्रत्येक पाहणीत दिसत होतं.

१९८२ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी या म्हणण्याची नीट परीक्षा घेतली. आयबीएसच्या २१ रुग्णांना त्यांनी आधी अगदी मोजके पदार्थ खायला दिले आणि मग एकेक पदार्थ परत आणला. १४ जणांना विशिष्ट पदार्थांनी त्रास होतो असं दिसलं. त्यांतल्या सहा जणांना पदार्थ ओळखू येणार नाहीत अशा रीतीने देऊन खात्री केली. गहू, मका, दुधाचे पदार्थ, चहा आणि कॉफी ही नावं त्या यादीत होती. आणि रक्तात? तिथे ॲलर्जीची खूण नव्हती. म्हणजे पदार्थ बाधत होते, पण आयजीईच्या नेहमीच्या वाटेने नव्हे.

या बाधण्याची एक वाट साखरेची निघाली, आणि मराठी स्वयंपाकघराशी तिचाच सर्वांत जवळचा संबंध आहे.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. बाळपणी ते सगळ्यांकडे असतं, मोठेपणी जगातल्या बहुसंख्य माणसांत आणि भारतातही पुष्कळांत ते ओसरतं. मग न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात. वायू होतो, पाणी ओढलं जातं, पोट गुरगुरतं, सैल होतं. यात संरक्षणयंत्रणा कुठेच नाही. म्हणूनच ज्याला कपभर दूध बाधतं त्याला वाटीभर ताक किंवा दही बहुधा चालतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं आणि उरलेलं पचवायलाही ते हातभार लावतात. दुधाच्या प्रथिनाची खरी ॲलर्जी असेल त्याला मात्र चमचाभर दहीही महागात पडू शकतं. दोघेही ‘दूध बाधतं’ म्हणतील, पण पहिल्याने प्रमाण सांभाळायचं आणि दुसऱ्याने थेंबही टाळायचा.

लॅक्टोजसारख्याच आणखी काही साखरा आहेत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेपर्ड यांनी २००५च्या सुमारास त्या सगळ्यांना एकत्र ‘फॉडमॅप’ असं नाव दिलं. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान असतात. राजमा, हरभरा, चवळी, वाल, पावटा यांत गॅलॅक्टन जातीच्या साखरा असतात. फ्रुक्टान आणि गॅलॅक्टन फोडणारं विकर कोणाही माणसाकडे नसतं. वायू सगळ्यांनाच होतो. ज्याच्या आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्याला तो ताण कळ म्हणून जाणवतो, एवढाच फरक. आजी ज्या यादीला वातूळ म्हणायची ती यादी आणि मोनॅशची यादी कडधान्यांच्या बाबतीत मोठ्या प्रमाणात एकच आहे. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

गव्हाचं प्रकरण मात्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे. ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन. आज दुकानादुकानांत ग्लुटेनमुक्त बिस्किटं मिळतात आणि पोट बिघडलेला माणूस आधी ग्लुटेन सोडतो. नॉर्वेत ऑस्लोला २०१८ साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. स्वतःहून ग्लुटेन सोडलेली ५९ माणसं घेतली, ग्लुटेनमुळे आतड्याची नासाडी करणारा सीलिॲक आजार नसलेली. त्यांना तीन प्रकारच्या म्युस्ली बार एकेक आठवडा दिल्या. एकीत ग्लुटेन, दुसरीत फ्रुक्टान, तिसरीत दोन्ही नाहीत. दिसायला आणि चवीला तिन्ही सारख्या. आपण कुठली खातोय हे खाणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. सर्वांत जास्त त्रास २४ जणांना फ्रुक्टानच्या बारने झाला, १३ जणांना ग्लुटेनच्या. आणि २२ जणांना जिच्यात काहीच घातलेलं नव्हतं तिने. या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. गहू बाधतो म्हणणाऱ्या पुष्कळांना त्यातलं प्रथिन नव्हे, साखर बाधते. आणि आता दुखणार या धास्तीनेही पोट खरोखर दुखतं. त्या २२ जणांचं दुखणं खोटं होतं असं म्हणायचं माझ्या मनातही येत नाही. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोप जात असतात, भीतीचा निरोपही त्याच वाटेने जातो.

इथपर्यंत गोष्ट ॲलर्जीच्या विरुद्ध चालली आहे असं वाटेल. साखर, वायू, हळव्या नसा, धास्ती. पण नसा हळव्या का झाल्या, हे यातलं काहीच सांगत नाही. २००४ साली इटलीत बोलोन्याच्या संशोधकांनी आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मास्ट पेशी जास्त होत्या, चेतलेल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे नसांना खेटून बसलेल्या होत्या. जितक्या नसांजवळ तितकं दुखणं जास्त. ॲलर्जीतल्या जुन्या ओळखीच्या पेशी इथे होत्या. त्यांना चिथावत कोण होतं?

याच्या उत्तराकडे जाण्याआधी कॅनडातल्या एका गावात जायला हवं. ओंटारिओ प्रांतातलं वॉकर्टन, वस्ती पाच हजारांच्या आसपास. मे २०००मध्ये जोराचा पाऊस झाला, शेणखत धुऊन गावाच्या पाण्याच्या विहिरीत गेलं. त्यातून घातक ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू नळाला आले. २३००हून अधिक माणसं आजारी पडली, सात दगावली. संशोधकांनी या गावाची पुढे वर्षानुवर्षं तपासणी केली. दोन वर्षांनी पाहिलं तर ज्यांना जुलाब झाले होते त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांना आयबीएस होता, ज्यांना झाले नव्हते त्यांच्यात १० टक्के. आठ वर्षांनीही फरक राहिला होता, १५ टक्के आणि ५ टक्के. जंतू केव्हाच गेले होते, आतड्याच्या जखमा भरल्या होत्या, तरी पोट पूर्वीचं झालं नव्हतं. मावशीला बाधलेलं ते लग्न आणि वॉकर्टनचा पाऊस यांची जात एकच. दर पावसाळ्यात गढूळ पाण्याने जुलाबाची साथ येणाऱ्या आपल्या गावांत असे किती जण असतील, हा विचार मला सोडत नाही. त्यांतल्या पुष्कळांवर ‘जुनी आव’ असा शिक्का बसतो आणि जंतू नसताना वर्षानुवर्षं जंतूंच्या गोळ्या पोटात जात राहतात.

जुलाब आणि अन्नाचा राग यांची गाठ बांधली ती बेल्जियममधल्या लव्हेन विद्यापीठातल्या खी बुक्स्टान्स यांच्या गटाने. त्यांचा लेख जानेवारी २०२१मध्ये ‘नेचर’मध्ये आला. सुरुवात उंदरांपासून. त्यांना आतड्याचा एक जिवाणूसंसर्ग दिला आणि त्याच दिवसांत अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन खायला घातलं. संसर्ग बरा झाला. काही आठवड्यांनी तेच प्रथिन परत दिलं, तर उंदरांचं आतडं दुखऱ्यासारखं वागू लागलं. ज्यांना संसर्गाच्या वेळी ते प्रथिन दिलं नव्हतं, त्यांना पुढे ते मिळालं तरी काही झालं नाही.

रोज आपण अनोळखी प्रथिनं खातो, तरी शरीर त्यांच्यावर चालून जात नाही. आतड्याने अन्नाशी केलेला हा तह असतो, त्याला ‘मौखिक सहनशीलता’ म्हणतात. जंतूंशी लढाई चालू असताना जे अन्न समोर येतं, त्याच्याशी केलेला तह कधी कधी मोडतो. दंगल पांगवताना पोलिसांनी वाटसरूलाही पकडावं आणि त्याचं नाव यादीत कायमचं चढावं, तसं काहीसं. उंदरांच्या आतड्यात त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई तयार झालं होतं, पण फक्त आतड्याच्या भिंतीत. त्याने मास्ट पेशी चेतल्या, हिस्टामीन सुटलं, शेजारच्या नसा हुळहुळ्या झाल्या. आयजीई किंवा हिस्टामीन अडवलं की दुखणं थांबत होतं.

पुढची पायरी माणसांची. लव्हेनला आयबीएसच्या १२ रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, दुर्बिणीतून पाहत, आतल्या अस्तराखाली चार द्रावणं टोचली. सोया, गहू, ग्लुटेन, दूध. कातडीवर करतात तीच चाचणी, फक्त आतड्यात. बाराच्या बारा जणांना निदान एका पदार्थाने तिथे सूज आली. निरोगी आठ जणांत ती दोघांना आली. आणि या रुग्णांच्या रक्तात किंवा कातडीवर अशा ॲलर्जीची खूण नव्हती. प्राउस्निट्झनी १९२१ साली दाखवलं होतं की ॲलर्जी रक्तातून फिरते. लव्हेनला दिसली ती ॲलर्जी एका जागी बसून राहणारी होती. रक्त तपासून ती सापडणार कशी?

त्याआधी जर्मनीत कीलला अन्नेटे फ्रिचर-रावेन्स यांच्या गटाने वेगळ्या वाटेने असंच काही पाहिलं होतं. त्यांनी दुर्बिणीच्या टोकाला सूक्ष्मदर्शक बसवून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर गहू, दूध, सोया, यीस्ट यांची द्रावणं सोडली. काही रुग्णांत पाचेक मिनिटांत अस्तरातल्या पेशींमध्ये फटी पडताना दिसल्या. २०१४ साली ३६ पैकी २२ रुग्णांत, २०१९ साली १०८ पैकी ७६ रुग्णांत. दुसऱ्या खेपेला प्रतिक्रिया आलेल्यांत सर्वाधिक जण गव्हाचे होते. तो तो पदार्थ बंद केल्यावर त्यांतल्या बहुतेकांना बरं वाटलं.

मला हे प्रयोग वाचताना मावशीची आठवण येते, कारण अकरा वर्षं ती जे सांगत होती त्यात तथ्य असू शकतं हे त्यांनी दाखवलं. पण इथे हात आखडता घ्यायला हवा. बारा रुग्ण ही संख्या फार लहान आहे. निरोगी दोघांनाही सूज आली होती. आतड्यात टोचायची चाचणी ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे, आपल्या जिल्ह्याच्या गावी ती होत नाही. हिस्टामीन अडवणारी गोळी, एबॅस्टिन, लव्हेनच्याच मंडळींनी पुढे रुग्णांना देऊन पाहिली, तिचा गुण आला पण बेताचाच. आयबीएस हा बहुधा एक आजार नाही. त्यातल्या काहींचं मूळ अशा जागच्या जागी बसलेल्या ॲलर्जीत असेल, काहींचं साखरेत, काहींचं भलतीकडेच.

मग मावशीच्या त्या रंगीत रिपोर्टाचं काय? त्यात मोजलं होतं आयजीजी, आयजीई नव्हे. अक्षर एकच वेगळं, पण अर्थ पार निराळा. आपण जे वारंवार खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी प्रतिपिंड निरोगी माणसातही तयार होतात. ते ओळखीचं लक्षण आहे, वैराचं असेलच असं नाही. म्हणून तर लाल रकान्यात नेमकं मावशीच्या ताटातलं रोजचं अन्न होतं, आणि हिरव्यात तिने जन्मात न पाहिलेले शिंपले. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नाची ॲलर्जी ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नका, असं वेळोवेळी सांगितलं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००४ साली मँचेस्टरला आयबीएसच्या १५० रुग्णांवर आयजीजीनुसार पथ्य देऊन पाहिलं, तर खोट्या पथ्यापेक्षा खऱ्याने थोडा अधिक गुण आला. त्यातला दोष असा की खऱ्या गटात बहुतेकांचं दूध, यीस्ट आणि अनेकांचा गहू बंद झाला होता, खोट्या गटात बटाटा-तांदूळ असल्या सौम्य गोष्टी. दूध आणि गहू सुटला की लॅक्टोज आणि फ्रुक्टानही सुटतात, मग गुण कशाचा? २०२५ साली अमेरिकेतून २३८ रुग्णांचा एक अधिक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या पथ्याने पोटदुखी ठरलेल्या प्रमाणात कमी झालेले सुमारे ६० टक्के, खोट्याने ४२ टक्के. हा फरक झटकून टाकण्यासारखा नाही, पुढे मोठे प्रयोग व्हायला हवेत. पण त्यावर विसंबून आज कुणी हजारो रुपये भरून निम्मं ताट रिकामं करावं, असं मला वाटत नाही. शाकाहारी घरात प्रथिनं येतात ती डाळीतून आणि दुधातून. दोन्ही एका कागदाच्या जोरावर काढून घेतली, तर पोट शांत होवो न होवो, अंगातली ताकद नक्की जाते. मावशीचं दोन महिन्यांत चार किलो वजन उतरलं होतं.

खरी चाचणी स्वयंपाकघरातच होते आणि ती जुनीच आहे. पदार्थ सोडा, पाहा, परत आणा, पाहा. तिसरी आणि चौथी पायरी लोक विसरतात. बरं वाटलं की सोडलेलं कायमचं सुटतं. फॉडमॅपचं पथ्यही चार ते सहा आठवड्यांचंच असतं, त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून आपल्याला किती चालतो हे शोधायचं असतं. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडण्याची रीत आहे. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका मनसोक्त खायचा आणि मग चार महिने घरात कांदा नाही. ज्याचं पोट या काळात शांत राहतं आणि कार्तिकीनंतर पुन्हा फुगतं, त्याला एक महत्त्वाची खूण फुकट मिळालेली असते. मात्र त्याच दिवसांत उपास आणि साबुदाणाही वाढतो, त्यामुळे वहीत दोन्ही लिहून ठेवावं.

वहीत वेळही हवी. जेवताजेवता किंवा जेवून उठताच पळावं लागलं की लोक शेवटच्या घासाला दोष देतात. पण जठरात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं, ही सगळ्यांतली नैसर्गिक क्रिया आहे. आयबीएसमध्ये ती जोरात होते. तो घास अजून जठरातच असतो. कडधान्याचा किंवा कांद्याचा वायू मोठ्या आतड्यात व्हायला काही तास जातात, म्हणून संध्याकाळच्या गुबाऱ्याचा गुन्हेगार दुपारच्या ताटात शोधावा लागतो.

मावशीने तिची वही तीन महिने ठेवली, आहारतज्ज्ञांच्या मदतीने. कपभर दूध बाधतं, दही-ताक नाही. दोन पोळ्या चालतात, चार चालत नाहीत, ज्वारीची भाकरी कितीही चालते. तूरडाळीचं वरण चालतं, उसळ भिजवलेलं पाणी टाकून देऊन, थोडी. लसूण मात्र नाहीच. फ्रुक्टान तेलात उतरत नाहीत, पाण्यात उतरतात. म्हणून ती आता लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून घेते आणि मग फोडणी करते. वास राहतो, कळ येत नाही. तिचं पोट बरं झालेलं नाही. महिन्यातून चार-पाच दिवस वाईट जातात. पण ती एसटीने सांगलीला बहिणीकडे जाऊन आली, रात्री जेवून.

तुमचं पोट असंच असेल तर पथ्याआधी डॉक्टरांकडे जा. मलात रक्त, प्रयत्न न करता उतरणारं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यांतलं काहीही असेल तर त्याला आयबीएस म्हणून गप्प बसू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षयही अशाच रूपाने येतो. आणि गहू सोडायचा विचार असेल तर त्याआधी सीलिॲक आजाराची रक्ततपासणी करून घ्या. त्या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची नासाडी होते, लक्षणं हुबेहूब आयबीएसची असू शकतात, आणि पथ्य जन्मभराचं असतं, इतकं की मैदा मिसळलेला डबीतला हिंगही चालत नाही. गहू सोडून काही महिने झाले की ही तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ लागते. मग ती नीट करायची तर पुन्हा निदान सहा आठवडे रोज गहू खावा लागतो.